अठराव्या मैलाची मोजणी

मित्रांनो, मी एक जुना गणक आहे. मुठीत मावणारा, पत्र्याच्या अंगाचा. माथ्यावरची कळ अंगठ्याने दाबली की टक् असा आवाज होतो आणि माझ्या इवल्या खिडकीतला आकडा एकाने वाढतो. एवढंच माझं काम. पण साउथ डकोटाच्या खडीच्या रस्त्यांवर ते मी सत्तावीस वर्षं इमानाने केलं आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट धान्याच्या कोठारावर. तिथे ट्रक मोजता मोजता नाकातोंडात धूळ गेली. मग व्हर्लिन टुफ्टे नावाच्या शेतकऱ्याने मला घरी आणलं. राज्याच्या वन्यजीव खात्यासाठी तो दर ऑगस्टात फेझंट मोजायचा. फेझंट म्हणजे रानकोंबड्याच्या भावकीतला, लांब शेपटीचा पक्षी. ऑक्टोबरात त्याच्या शिकारीला आमच्याकडे घरटी एक माणूस तरी निघतोच. कुठल्या भागात पाखरं आहेत, हे त्याला या मोजणीवरून कळतं.

मोजायची रीत अशी. सूर्य वर येताच तीस मैलांच्या रस्त्यावर गाडी हळूहळू हाकायची. रात्री दव पडून गवत चिंब झालेलं असतं. फेझंटांना ओलं राहायला आवडत नाही, म्हणून ते पिल्लांसकट रस्त्यावर येतात आणि उन्हात पंख वाळवतात. म्हणजे दव असेल तरच मोजणी खरी. त्यासाठी व्हर्लिन निघण्याआधी कोठारामागच्या गवतात वीस पावलं चालायचा. विजार गुडघ्यापर्यंत भिजली तर गाडी काढायची, नाहीतर घरात जाऊन कॉफी प्यायची. त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं खात्यातले लोक म्हणत. ते ऐकून माझी स्प्रिंग सुखावायची.

मग मोबाइल फोन निघाले. व्हर्लिन त्यावरच आकडे भरू लागला आणि मी गाडीच्या खणात पक्कड आणि जुन्या पावत्यांच्या सोबतीला जाऊन पडलो. सहा ऑगस्ट आले नि गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

सातव्या उन्हाळ्यात फोन गुरांच्या हौदात पडला. व्हर्लिनने मला शोधून काढलं, फुंकर मारली, तेलाचा थेंब दिला. त्या वर्षीची मोजणी नेहमीसारखी नव्हती. त्याचा शेजारी ऑरिन व्हावेर्का एक्याऐंशीचा झाला होता आणि त्याचे दोन्ही गुडघे गेले होते. त्याची कुत्री मिट्झी तेरा वर्षांची. दोघांना मिळून एकच शिकार झेपणार होती, एका शेतात, फार तर तासभर. शेत चुकलं तर पुढचं वर्ष नव्हतं.

ऑरिनने शेत आधीच ठरवून टाकलं होतं. "स्कोव्हच्या शेताच्या कुंपणाची कड," तो व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात पाय पसरून म्हणाला. "चाळीस वर्षं तिथूनच फेझंटचा कोंबडा आणलाय मी."

"तिथलं गवत नांगरून आता कुंपणापर्यंत मका आहे, बाबा," व्हर्लिन म्हणाला. "तीन वर्षं तिथे एक पाखरू मोजलं नाही मी. अठराव्या मैलावर जा. तिथे मोडक्या पवनचक्कीजवळ गवत शिल्लक आहे, बाजूच्या दलदलीत पाणकणसंही आहेत."

"मोजून कधी पाखरं सापडतात का रे? बंदूक काय कागदावर चालवू?"

ते व्हर्लिनला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी तो तावातावाने निघाला आणि जन्मात पहिल्यांदा ती वीस पावलं चालायची विसरला. वारा सुटला होता, गवत खडखडीत वाळलेलं. मला आतून कळत होतं, पण आम्हा गणकांना बोलायची सोय नाही. अठराव्या मैलावर माझी कळ दोनदाच दाबली गेली. साऱ्या रस्त्यात मिळून नऊ.

व्हर्लिन परतताच ऑरिनने आकड्यांचा कागद पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "दोन! दोन पाखरांसाठी मी गुडघे झिजवू होय? स्कोव्हकडेच जातो मी."

व्हर्लिनने कागद परत ओढून घेतला. त्याची बायको आर्लिस भांडी पुसत होती. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. "व्हर्लिन, तुझी विजार बघ. कोरडी ठणठणीत! कोरड्या विजारीने फेझंट मोजून आलास? आणि म्हणे खात्याचा माणूस!"

व्हर्लिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, "दव नव्हतं, धरू नये," आणि पुन्हा मोजायचं ठरवलं. चार दिवसांनी तो गवतातून मांड्यांपर्यंत भिजून आला. त्या सकाळी स्कोव्हच्या कुंपणाशी मी गप्पच राहिलो. अठराव्या मैलावर मात्र टक् टक् सुरू झाली ती थांबेना. चोवीस! मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

ऑरिनने नवा कागद दोनदा वाचला. "बरं," तो म्हणाला, "पण पाखरू नाही निघालं, तर घरापर्यंत तू मला पाठीवर न्यायचंस."

शिकारीचा पहिला दिवस उजाडला. मी व्हर्लिनच्या खिशात होतो. ऑरिन काठीसारखे ताठ पाय टाकत गवतात शिरला. पुढे मिट्झी, नाक जमिनीला. पहिली उठली ती मादी. मादीवर बार टाकत नाहीत. मग दुसरी, तिसरी. सवयीने व्हर्लिनचा अंगठा खिशातल्या खिशात चालू झाला.

"खिशात काय टकटक लावलीयस? पाखरं बिचकतील!" ऑरिन ओरडला.

तेवढ्यात मिट्झी दगडासारखी थिजली. पाणकणसांतून कोंबडा कर्कश ओरडत उठला, उन्हात तांब्यासारखा लखलखला. बार झाला. मिट्झीने तो तोंडात धरून आणला आणि ऑरिनच्या बुटांवर ठेवला. ऑरिन तिथेच गवतात बसला. बराच वेळ तो तिच्या पांढऱ्या थोबाडावरून हात फिरवत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवलं नाही.

"झालं आमचं," तो म्हणाला. मग त्याने व्हर्लिनपुढे हात पसरला. "तो टकटक्या बघू. गुडघे गेले माझे, अंगठा शाबूत आहे अजून."

मित्रांनो, आता दर ऑगस्टात ऑरिन व्हर्लिनच्या शेजारी बसतो आणि मी त्याच्या मुठीत असतो. त्याला चालवत नाही, म्हणून तो दार उघडून गवताला हात लावतो. ओला तळवा आर्लिसला दाखवतो आणि मगच गाडी हलते. माझं मागणं मोठं नाही. कुंपणाशेजारी थोडं गवत राहू द्या. माझ्यासारख्या जुन्यांना वर्षातून एक थेंब तेल द्या. आणि कुणी तुमच्यापुढे आकडा ठेवला, तर आधी विचारा, त्या सकाळी दव होतं का?