आजोबांच्या ताटातला भात

वर्षभराची माझी पिंकी दुपारी माझ्या हातचा घास घेईना, तेव्हाच मला शंका आली. मी भरवायच्या आधीच तिच्या झबल्यावर शितं दिसायची. सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर. वजन घटू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांचं ताट रोज लख्ख, तरी महिन्यात चार किलो उतरले.

आज भात वाढून मी मुद्दाम कपडे वाळत घालायला गेले आणि खिडकीतून पाहिलं. सासरे एकेक घास पिंकीला भरवत होते.

"बाबा!"

ते दचकले. "उंदरांवर प्रयोग झालाय गो. भात-पोळी बंद करून नुसती चरबी दिली, तर गाठ हळू वाढली. मोबाईलवर आलंय."

"आणि माणसांचं काय?"

"ते नाय सांगितलं." ते घुटमळले. "पन जल्मभर भातच पिकवला, भातच खाल्ला मी. त्यानंच गाठ पोसली असंल तर?"

माझा राग तिथंच विरला. "उद्या डॉक्टरांनाच विचारू. तोवर जेवा."

मी पिंकीला मांडीवर घेऊन समोर बसले. तिनं सवयीनं तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि घास स्वतः खाल्ला. तरी ताट रिकामं होईपर्यंत मी उठले नाही.