छाटलेली कडा

खळीचा आंबूस वास.

दाभण. लाकडी मूठ वडिलांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालेली.

सोनेरी अक्षरांची चाळीस जाडजूड पुस्तकं, एकही न उघडलेलं.

लोखंडी चाकाचा थंडगार स्पर्श.

तीस दिवसांत दुकान रिकामं करावं.

हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात, एकाच सकाळी, वकिलाचा जिना चढताना.

गल्लीत तिला खळूताई म्हणत. बोटांना खळ नाही असा तिचा दिवस कुणी पाहिला नव्हता. वडिलांमागे बुकबाइंडिंगचं दुकान तीच चालवत होती. म्हातारा घरमालक वारला आणि त्याच्या मुलाने नोटीस धाडली: कायमचा भाडेकरार आहे म्हणता, तर दाखवा.

धाकट्या भावाने दोन वकील शोधून दिले. तिने दोघांनाही नापास केलं. वडील गावातल्या निम्म्या वकिलांची पुस्तकं बांधायचे आणि टाके घालता घालता तिला सांगायचे की वाचलेल्या पुस्तकाच्या पाठीला सुरकुत्या पडतात, मालक तोंडाने काही का बोलेना. पहिल्या वकिलाची चाळीसही पुस्तकं कोरी करकरीत निघाली. दुसऱ्याकडे तर नुसत्या पाठीच होत्या, मागे पुठ्ठा. भाऊ वैतागला.

"ताई, तुला वकील हवाय की रद्दी?"

तिसरी वकीलबाई तिने स्वतः शोधली. तीन जिने वर, खिडकीला फाटका पडदा आणि कपाटात पाठ मोडलेली पुस्तकं. त्यांतल्या एकाच्या पाठीच्या वरच्या टोकाला लाल-पांढऱ्या दोऱ्याची गुंफण दिसली, तशी खळूताईने न विचारताच ते ओढून काढलं.

"हे आमच्या बाबांच्या हातचं."

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असणार. दोनदा मोडलं, दोनदा त्यांनी जोडलं. दुसऱ्यांदा म्हणाले, बाई, जरा हळू वाचत जा."

खळूताई हसली. मग नाक पुसून तिने पिशवीतलं बाड टेबलावर ठेवलं. घरातले कागद सुटे राहिलेले वडिलांना खपत नसत. जन्मदाखले, प्रगतिपुस्तकं, भाडेकरार, सगळं त्यांनी एकत्र शिवून टाकलं होतं. वकीलबाई कराराच्या पानापर्यंत आल्या आणि थांबल्या. कडा कशी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. 'घरमालकाची सही' एवढे शब्द, तळाशी किंचित कापलेले, राहिले होते. खालची सही गेली होती.

"धन्य आमचे बाबा," सोबत आलेला भाऊ म्हणाला. "कडा सारख्या करायच्या हौसेपायी दुकानच कापलं."

खळूताईने त्या सरळ कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "छाटलेल्या पट्ट्या टाकत नसत ते. पाठीला आतून चिकटवायचे, बळकटीला." तिने पर्समधून दाभण काढली. वडिलांचे टाके तिला उसवायचे नव्हते, पण हात पुढे झाला.

वकीलबाईंनी बाडावर तळवा ठेवला. "इथे नाही. इथे उघडलंत तर समोरचे म्हणतील, सहीची पट्टी काल रात्री तुम्हीच चिकटवली. कोर्टात उघडू, न्यायाधीशांसमोर, त्यांच्या वकिलाच्या नाकासमोर."

खळूताईने दाभण परत ठेवली आणि वकीलपत्र मागितलं. सही तिने खालच्या कडेपासून चांगली चार बोटं वर केली. वकीलबाईंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी परवानगी दिली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, ओलं फडकं आलं. फडक्याखाली जुनी खळ भिजू लागली, तसा तो वास कोर्टभर झाला आणि कारकून शिंकला. क्षणभर खळूताई कोर्टात नव्हतीच. ती दुकानातल्या स्टुलावर होती, पाय जमिनीला न टेकणारे, आणि बाबा गुणगुणत पाठीवर कुंचला फिरवत होते. एकेक टाका ती सोडवत गेली. एकही तिने कापला नाही.

चौथी पट्टी सुटली. म्हाताऱ्या घरमालकाची वळणदार सही, तारखेसकट, शाबूत. पट्टी कराराच्या कडेला लावली तशी कापलेल्या अक्षरांच्या शेपट्या जुळल्या. घरमालकाच्या मुलाने वडिलांची सही ओळखली आणि मान खाली घातली.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, बाबांनी कापलं आणि बाबांनीच सांभाळलं. खळूताईने मान डोलावली.

करार बाडात शिवला त्या दिवशी कडा छाटायच्या कातरयंत्राचं लोखंडी चाक तिने फिरवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा; तेव्हा ती नऊ वर्षांची होती.