आगीच्या पाण्याची टाकी

मी टाकी बोलतेय. आठ चाकांवर बसवलेली, लाल रंगाची, आग विझवायच्या पाण्याची टाकी. मला वाटलं होतं, मी शिकून परत आले की लोक माझ्याकडं मान वर करून बघतील. पण पहिल्याच दिवशी इरम्मानं माझ्या शिडीवर ओलं लुगडं वाळत घातलं.

मी मूळची याच छोट्या रेल्वे लाईनवरची. पूर्वी इंजिनाला पाणी पुरवायचे. पत्रा गंजला तेव्हा मला दूरच्या कारखान्यात धाडलं. तिथली दोन वर्षं म्हणजे माझी शाळाच. पत्रे जोडणारे नवे रिव्हेट बसले, दोघांनी मिळून हलवायचा हातपंप आला, पितळी तोंडाचा कॅनव्हासचा पाईप आला. फसली तेराशे त्रेपन्न साली, म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस-चव्वेचाळीसात, निजाम सरकारच्या राज्यात, येडशीच्या अलीकडच्या एका लहानशा स्टेशनात मला उभं केलं. पोटावर उर्दूत नि मराठीत लिहिलं होतं : हे पाणी फक्त आगीसाठी. त्या अक्षरांचा मला केवढा अभिमान!

त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. मला मात्र आठवड्यातून एकदा बार्शीहून येणाऱ्या पाण्यानं भरलं जाई. माझी राखण स्टेशनातला हरकाम्या खलाशी बिराप्पा याच्याकडं. इरम्मा त्याची बायको.

"अवो, एकच घागर," ती म्हणाली.

"आगीचं पाणी हाय ते."

"आग लागंल तवा लागंल. डाळ आत्ता शिजायचीय."

बिराप्पानं माझा नळ उघडला. तो भलता घट्ट. दगडानं दोनदा ठोकून डावीकडं पिळल्याशिवाय सुटायचा नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतली तुळजाबाई आली, मग अख्खी वस्ती. रोज सकाळी रांग लागू लागली. मी मनातल्या मनात ओरडायचे, "अहो, उद्या आग लागली तर?" स्टेशनमास्तर टेबलाच्या खणातलं कुलूप दाखवून दटावायचे, "नळाला ठोकीन हे!" पण त्यांच्याही घरची घागर रांगेत असायची.

तुळजाबाईचा मुलगा उत्तरेश्वर तर माझा पाईपच घेऊन गेला. ओढ्यापलीकडं, कोसभर लांब त्याच्या मळ्यातल्या विहिरीला थोडं पाणी होतं, पण मोटेची कातडी सोंड फाटली होती. "चार दिवस द्या की, बिराप्पा. नुसता पेटीत तर पडलाय."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिनाची ठिणगी रुळालगतच्या गंजीवर पडली. गंजी तुळजाबाईचीच. दोन बैलांचा वर्षाचा कडबा, आणि त्याच्यामागं सगळ्या वस्तीची छपरं.

माझी वेळ आली होती! बिराप्पानं पेटी उघडली आणि तो कपाळाला हात लावून उभा राहिला. पाईप मळ्यात. पंपाचे दांडे धरलेले दोघे एकमेकांकडं बघू लागले. मास्तर नळाकडं धावले, दोन्ही हातांनी पिळू लागले. नळ हलेना.

"सरका, मास्तर!" इरम्मानं दगड उचलला. दोन ठोके, डावीकडं पीळ. पाणी धो धो सुटलं.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. रोजचीच रांग नळापासून गंजीपर्यंत लांबली. भरल्या घागरी हातोहात पुढं गेल्या, रिकाम्या मागं आल्या. माझ्या शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं. अर्धी गंजी गेली, पण छपरं वाचली. उत्तरेश्वर खांद्यावर पाईप घेऊन धापा टाकत आला, तेव्हा नुसता धूर उरला होता.

"आण, आण," तुळजाबाई म्हणाली. "आता राख धू त्यानं!"

रडता रडता तीच आधी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पाणी आलं. मी काठोकाठ भरले. पण आगीची तार रेल्वेच्या साहेबापर्यंत पोचली होती, आणि त्याच गाडीनं त्याचा हुकूम आला : आगीचं पाणी घागरीत जाता कामा नये, नळाला कुलूप. मास्तरांनी खणातलं कुलूप काढून नळाला घातलं. रांगेकडं त्यांनी बघितलं नाही. तुळजाबाईच्या हातांवर कालचे फोड होते. तिनं रिकामी घागर उचलली आणि ती वळली.

टाकीतून थेंबही गळता कामा नये, हा कारखान्यातला पहिला धडा. मी नळाखालचा एक रिव्हेट सैल सोडला.

टप्. टप्. मग बारीक धार. इरम्मानं गुपचूप घागर खाली सरकवली.

"गळतीय का रे ही?" मास्तरांनी दारातून विचारलं.

"व्हय जी," बिराप्पा म्हणाला. "जुनी हाय, गळणारच."

"मग गळू दे," म्हणून मास्तर आत गेले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या घरची घागरही रांगेत आली.

बिराप्पा, मी जुनी नाही. माझे रिव्हेट नवे कोरे आहेत. मी ठरवून गळतेय.