माझ्या तळाचा थर

मित्रांनो, माझं वय अवघं सात वर्षं, पण आम्हा कॅरेटांच्या जातीत सात म्हणजे म्हातारपणच. पेरू वाहणारा निळा प्लास्टिकचा कॅरेट मी. माझी एक कड फुटली आहे, पोटाला तार बांधली आहे, तरी आज आमच्या पिंपळी गावात माझ्याइतका तोरा कुणाचा नाही. का, ते सांगतो.

साच्यातून गरमागरम बाहेर पडलो आणि थेट महिपतीतात्यांच्या पेरूच्या बागेत आलो. तात्या कष्टाळू, पण माल भरण्यात भलतेच वस्ताद. खाली बारके, डागी पेरू आणि वर एक थर टपोऱ्यांचा. बाजारात लोक वरचा थर पाहून वाहवा करायचे. मी फुगायचो, आणि पोटातलं गुपित आठवून लाजही वाटायची. माल उतरला की मला बांधावर भिरकावून देत.

मग त्यांची सून वृषाली हिनं मोबाइलवर शेतकरी आणि गिऱ्हाइकांचा गट काढला. बघता बघता चारशे माणसं जमली. तक्रार मात्र सगळ्यांची एकच, वर एक आणि खाली भलतंच. वृषालीला दुपारी मोबाइलवर गेम खेळायचा नाद. तिनं तिथलाच नियम उचलला. गिऱ्हाइकानं कॅरेट पालथा करून व्हिडिओ गटावर टाकायचा. तळ चांगला निघाला तर शेतकऱ्याला एक चांदणी. खोटा निघाला तर सगळ्या चांदण्या गुल, पुन्हा पहिल्यापासून.

"गेम खेळून पेरू खपत्यात व्हय?" तात्या हसले.

पण खपले. शेतकऱ्यांत चुरस लागली. ज्याच्या पन्नास चांदण्या आधी होतील, त्याचा पेरू वर्षभर घ्यायचा, असं पुण्याच्या एका सोसायटीनं कबूल केलं. वृषालीच्या घराच्या एकोणपन्नास झाल्या.

पन्नासावा कॅरेट मी होतो. त्या सकाळी चांगला माल कमी पडला. वृषाली टेम्पो बघायला गेली आणि तात्यांचा हात जुन्या सवयीनं चालला. "एका कॅरेटनं काय हुतंय," असं पुटपुटत त्यांनी बारके पेरू खाली दडवले. मी ओरडणार तरी कसा?

इंदापुरात शगुफ्ताबाईंचं फळांचं दुकान आहे. तिथं मला पालथा केला आणि बाईंचा चेहराच उतरला. व्हिडिओ गटावर न टाकता त्यांनी वृषालीला फोन लावला.

"ताई, तुमच्याच घरचा माल हाय. टाकू का न्हाय?"



"टाका," वृषाली म्हणाली. "आमाला येगळा नियम न्हाय."

तिनं स्वतःच आपल्या नावापुढं शून्य लिहिलं. मी रिकामा होऊन परतलो तेव्हा तात्या तणतणत होते, "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडली." दोन दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. पण खरं सांगू, माझं पोट पहिल्यांदा हलकं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या सोसायटीनं गटावर लिहिलं, 'गट चालवणारीच्या घरालाही जिथं सूट नाही, तिथला माल आम्हाला एका घराचा नको, सगळ्यांचा हवा.' महिन्याभरात आणखी अकरा सोसायट्या आल्या. भवानीनगरकडचे शेतकरी सामील झाले. एका टेम्पोचे तीन टेम्पो झाले.

तात्या हे सगळं गुपचूप बघत होते. एके सकाळी ते माझ्यापाशी बसले आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुकानात शगुफ्ताबाईंनी मला पालथा केला आणि त्या हसायलाच लागल्या. वरचे पेरू चांगले होते, पण तळाचे त्याहून टपोरे होते. गटावर लगेच प्रश्न आला, 'तात्या, एवढे झकास पेरू खाली का?'

तात्यांनी आयुष्यातला पहिला मेसेज बोटानं शोधून शोधून लिहिला. 'वरचा थर काय, कुणीबी चांगला भरतंय.'

मित्रांनो, मला आता बांधावर कुणी फेकत नाही. धुऊन, पुसून सावलीत ठेवतात. तुमच्याकडे मागणं एवढंच, फळं घ्याल तेव्हा संकोच न करता मला पालथा करा. माझी आता कशालाच ना नाही.