गोबनेटच्या अर्जाची शेवटची ओळ

डब्लिनच्या किल्ल्याला, म्हणजे आयर्लंडच्या सरकारला, अर्ज करायचा तर त्याचं डोकं आणि शेपूट ठरलेलं असतं. डोक्यावर राजाच्या वतीनं इथं राज्य करणाऱ्या लॉर्ड लेफ्टनंटसाहेबांच्या पदव्या, आणि शेपटाला एक ओळ: ‘अर्जदार आपणांसाठी सदैव प्रार्थना करीत राहील.’ मधल्या पोटात काय तो माणसाच्या गाऱ्हाण्याचा भाग. कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाची दारूची भट्टी जप्त झालेली, कुणाला पुलावरच्या जकातनाक्याची नोकरी हवी. पोट बदलतं, शेपूट बदलत नाही. किल्ल्याशिवाय या देशात पानही हलत नाही, आणि त्या शेवटच्या ओळीशिवाय किल्ला हलत नाही अशी माझी समजूत होती.

मी एलिश टूमी. नॉकरोच्या चौकात चहा, तपकीर आणि मेणबत्त्या विकते, आणि लोकांचे अर्ज इंग्रजीत लिहून देते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. इंग्रजी शिकले ते तपकिरीच्या पुड्यांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवरून, त्यामुळे बुडालेली जहाजं आणि विक्रीला काढलेले घोडे या दोन विषयांत माझा हात कुणी धरणार नाही. बाकीचं मी अंदाजानं भागवते.

गोबनेट लेहान आली तेव्हा मी चहा तोलत होते. ती सरळ हेरिंग माशांच्या पिंपावर बसली. टाइगला, तिच्या एकुलत्या एका मुलाला, सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि हे साऱ्या नॉकरोला ठाऊक होतं.

त्या वर्षी आमच्या भागात कायदाच असा होता की सूर्य बुडाल्यावर कुणी घराबाहेर दिसायचं नाही. रानात शपथा घेणारी, जमीनदारांच्या गंजी पेटवणारी माणसं रात्रीच हिंडतात, म्हणून रात्री हिंडेल तो गुन्हेगार. टाइग घराबाहेर पडला तो शेळीपायी. दावं तोडून ती क्रोनिनच्या कोबीत शिरली होती. गस्तीवर खुद्द कॅप्टन बोलस्टर होते, आमचे मॅजिस्ट्रेट. त्यांना टाइग सापडला तेव्हा त्याच्या हातात दावं होतं, दाव्याला शेळी होती आणि शेळीच्या तोंडात कोबी होता. याहून स्वच्छ पुरावा माणसानं काय द्यावा? पण कायद्यात शेळीचा उल्लेख नव्हता. आता टाइग कोव्हच्या बंदरात, कैद्यांनी भरलेल्या एका जुन्या जहाजावर बसून होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला जाणारं मोठं जहाज आलं की संपलं.

“लिही,” गोबनेट म्हणाली. “पण खरं लिही. माझ्या नावानं खोटं नको.”

मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. विधवा आई, कष्टाळू मुलगा, शेळीची सगळी हकीकत. मग तिला आमच्या आयरिश भाषेत वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मधूनमधून मान डोलवत होती. शेवटच्या ओळीला डोळे उघडले.

“सदैव?”

“अगं, ते तसं लिहायची रीत आहे.”

“सदैव म्हणजे किती?”

“सदैव म्हणजे सदैव. कायमचं.”

“मग मला कसं जमेल? माझा नवरा आहे, त्याच्यासाठी म्हणायची असते. माझी दोन लेकरं गेली, ती आहेत. आई आहे. भाऊ स्पेनमध्ये लढाईत मेला, त्याच्या कबरीवर कुणी एक शब्द म्हटला नसेल, तो सगळा माझ्याच अंगावर. या सगळ्यांच्या आधी मी लॉर्ड लेफ्टनंटला बसवू होय?”

“कुणी मोजायला येत नाही, गोबनेट.”

“देव मोजतो ना. मी खाली सहीची फुली मारणार. फुली म्हणजे माझा शब्द. पोराला सोडवायला खोटा शब्द दिला, तर तो सुटेल की आणखी अडकेल?”

मी तिला फादर कोट्टरांकडे घेऊन गेले. म्हटलं, हे तरी समजावतील. फादर शेतात बटाट्याचे वाफे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बुटाचा चिखल काठीनं खरवडत म्हणाले, “हे बघ बाई, पत्राच्या शेवटी ‘आपला नम्र सेवक’ लिहितात ना, तसंच आहे हे. लिहिणारा कुणाचा सेवक नसतो.”

“मग लिहितो कशाला?”

फादर काठी झटकत म्हणाले, “एलिश, तुला दुसरं काही काम नव्हतं का आज?”

“आणि फादर,” गोबनेट म्हणाली, “तो लॉर्ड आपल्या धर्मपंथातला नाही. त्याच्यासाठी केलेली प्रार्थना चालते का?”

“चालते. त्याला तर जास्तच लागेल.”

एवढ्या एका उत्तरानं तिचं समाधान झालं. परत येताना वाटेत तिनं हिशेब केला आणि पिंपावर बसून मला सांगितला. मी दोनदा समजावलं, एकदा रागावले, मग टाक उचलला. जहाज यायचं थांबणार नव्हतं आणि गोबनेट हलणार नव्हती. मी शेवटची ओळ खोडून लिहिलं: ‘अर्जदार आपणांसाठी रोज संध्याकाळी, कोंबड्या कोंडून झाल्यावर, एक वेळ “नमो मारिया” ही प्रार्थना म्हणेल, आपण हयात असेपर्यंत. त्यापुढे आपल्या घरच्यांनी पाहावे. याहून अधिक कबूल करणे अर्जदारास तिच्या मृतांमुळे शक्य नाही.’

गोबनेटनं फुली मारली. अशी ठसठशीत की कागद फाटायचाच बाकी राहिला.

पुढचे दिवस मला चहाही गोड लागला नाही. किल्ल्यातले लोक विनोदाला काय म्हणतील ते सांगता येतं का? एखाद्याला वाटलं, ही बाई सरकारची टिंगल करते आहे, की सातची चौदा वर्षं व्हायची आणि लिहिणारीलाही शेजारची जागा मिळायची. गोबनेट मात्र येताजाता विचारायची, “आलं का काही?” आणि नाही म्हटलं की म्हणायची, “बरं, मी माझं चालू केलंय.”

“आत्तापासून? अजून त्यांनी काही दिलं कुठे?”

“थोडी उसनवारी असू दे.”

मग एका सकाळी कॅप्टन बोलस्टरांचा नोकर आला. दोघींना बोलावलं होतं. मला कशाला, विचारलं तर म्हणाला, गोबनेटला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषी हवी.

कॅप्टनसाहेब मेजामागे बसले होते. समोर आमचा अर्ज. किल्ल्यानं तो चौकशीसाठी त्यांच्याकडे परत पाठवला होता आणि शेवटच्या ओळीच्या शेजारी कुणीतरी नाजूक अक्षरात लिहिलं होतं: ‘ही बाई हे मनापासून लिहिते काय? मॅजिस्ट्रेटनी कळवावे.’ टाइगचं जाणं-राहणं आता त्या एका प्रश्नावर येऊन टेकलं होतं, आणि उत्तर देणार होते ज्यांनी त्याला पकडलं तेच.

साहेबांचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला होता. डोळ्यांखाली काळं. हिवाळ्यात शेजारच्या जमीनदाराचं घर पेटवलं तेव्हापासून ते खिडक्यांना फळ्या ठोकून राहत, हे त्यांच्या स्वयंपाकिणीकडून सगळ्यांना कळलं होतं.

“हिला विचार,” ते मला इंग्रजीत म्हणाले, “हे खरं आहे का, थट्टा आहे?”

मी विचारलं. गोबनेट म्हणाली, “थट्टा कशी? कालच म्हटली. तांबडी कोंबडी आत जाईना म्हणून जरा उशीर झाला, पण म्हटली.”

मी ते इंग्रजीत केलं. तांबडी कोंबडी वगळली नाही, आणि ते बरं झालं, कारण साहेबांच्या मिशीची एक बाजू हलल्यासारखी वाटली.

“आणि लॉर्ड लेफ्टनंटना एक. मग मला किती? की मी तिच्या यादीतच नाही?”

हा प्रश्न मी विचारू नये असं मला फार वाटत होतं. पण विचारला.

“आहे की,” गोबनेट म्हणाली. “टाइगला धरलं त्या दिवसापासून आहे. सगळ्यांच्या शेवटी, पण आहे. त्याला नीट झोप लागू दे म्हणून मागते. हा माणूस वेळेवर झोपला असता, तर माझा पोरगा त्याला दिसलाच नसता.”

मी माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत म्हटलं, “सरकार, ती आपल्या प्रकृतीसाठी रोज प्रार्थना करते.”

गोबनेटनं साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काय गं, तू बरोबर सांगितलंस ना? इतकं ऐकून हा नुसता मान हलवतो?”

“सांगितलं, सांगितलं. गप्प बैस.”

“झोपेचं सांगितलंस?”

“नाही सांगितलं तिनं,” कॅप्टन बोलस्टर म्हणाले. आमच्या भाषेत. तेही कसं, तर डोंगरापलीकडच्या बायका बोलतात तसं, शब्दाचं शेवटचं अक्षर ओढून. “मला दूध पाजलेली बाई तुमच्यातलीच होती. चांगलं कळतं मला.”

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं, निदान मेजाखाली तरी. गोबनेटला मात्र काहीच वाटलं नाही. ती खुर्ची पुढे ओढून बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं.

“मग बरं झालं. हिला उगाच त्रास. झोप लागत नाही ना तुला?”

मॅजिस्ट्रेटना ‘तुला’. मी डोळे मिटून घेतले.

“नाही,” ते म्हणाले.

“अजिबात?”

“मंगळवारी लागली होती. पहाटेपर्यंत.” ते मेजावर पुढे झुकले. “तू कधीपासून मागतेस म्हणालीस?”

“धरलंस त्याला तेव्हापासून. पण मला मध्येच राग येतो, मग मी तुला गाळते. मंगळवारी नव्हतं गाळलं.”

साहेब खिडकीकडे बघायला लागले. फळ्यांच्या फटीतून उजेडाच्या बारीक रेघा येत होत्या, बघायला बाहेरचं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “ती शेळी खरंच सुटली होती?”

“तू होतास ना तिथे? तुला कोबी दिसला नाही का?”

“दिसला,” ते म्हणाले. “कोर्टात माझ्या बाजूला बसलेल्या दोघा मॅजिस्ट्रेटना मी सांगितलंही होतं. ते म्हणाले, आज एकाला शेळीवरून सोडलं तर उद्या सगळ्यांकडे शेळ्या निघतील.” आणि टाक शाईत बुडवला. किल्ल्याच्या प्रश्नाखाली त्यांनी बराच वेळ लिहिलं. आम्हाला वाचून दाखवलं नाही, आणि मेज मोठं होतं, मला उलटं वाचता आलं नाही. फक्त पहिलं वाक्य दिसलं. ‘ही बाई हे मनापासून लिहिते.’

दारापर्यंत गेलो तर मागून आवाज आला. “गोबनेट लेहान, राग आला तरी गाळत जाऊ नकोस.”

“बघते,” ती म्हणाली.

किल्ल्याचं उत्तर आलं तेव्हा मोठं जहाज कोव्हला लागलं होतं आणि त्यात माणसं चढत होती. टाइगचं नाव पुकारलं गेलं ते चढण्यासाठी नाही, उतरण्यासाठी. आईच्या हमीवर सुटका. मी पत्र दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी, एकदा मोठ्यानं. गोबनेटनं पिंप धरलं.

“प्रार्थनेचं काही लिहिलंय?”

“नाही.”

“कमी पडली असं काही?”

“नाही गं, त्याबद्दल अवाक्षर नाही.”

“मग पुरली,” ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, शिक्षा झाली तेव्हाही नाही. मी तिच्या हातात तपकिरीची चिमूट दिली. दुसरं काही सुचलं नाही. ती रडली, शिंकली, पुन्हा रडली.

त्या आठवड्यात माझ्याकडे अर्जवाल्यांची रीघ लागली. प्रत्येकाला शेवट गोबनेटसारखा हवा. मर्फी लोहाराला दारूचा परवाना पाहिजे होता, तो म्हणाला, लिही की मी प्रार्थना करीन, पण फक्त ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, कारण एरवी मला ग्राहक असतील. मी त्याला जुनीच ओळ लिहून दिली. तो कशावरही फुली मारायला तयार असतो.

टाइग चालत आला. कोव्हपासून चालत, पायात दुसऱ्या कुणाचे तरी बूट. आई कोबीला माती लावत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय खायला घालत होते?”

“पाव.”

“पांढरा?”

“पांढरा नाही गं. लाकडासारखा.”

“मग चल आत.”

दुपारपर्यंत तिचं घर माणसांनी भरलं. उकडलेल्या बटाट्यांची टोपली मधोमध, ताकाची घागर फिरतेय, कुणीतरी आणलेली बाटली कुणीच आणली नसल्यासारखी फिरतेय. क्रोनिनही आला, आणि शेळीबद्दल त्याच्या मनात काही नाही हे त्यानं चारचौघांत सांगितलं. ते खरं नव्हतं, पण बोलला छान. फिडलवाला डॅनी भिंतीला टेकून वाजवत होता आणि टाइग नाचत होता. ते दुसऱ्याचे बूट त्याला मोठे होत होते, जमिनीवर आपटताना आवाज मात्र फार झकास येत होता.

उन्हं तिरपी झाली तसा पहिला टाइगच थांबला. दारातून डोंगराकडे बघून म्हणाला, “चला, उठा सगळे.”

“अरे, आत्ताच तर रंग चढलाय,” डॅनी म्हणाला.

“तुझा रंग कोव्हला जाऊन उतरेल. तुझं घर नदीपलीकडे आहे, सूर्य डोंगराला टेकलाय. ऊठ.”

कायदा अजून होताच. एका माणसाची सुटका झाली होती, संध्याकाळची नव्हती झाली. मग जी काही पळापळ झाली ती मी कधी विसरणार नाही. बायका पोरांना काखेत मारून निघाल्या, म्हाताऱ्या हसतहसत पळायला लागल्या, क्रोनिन आपल्याच कुंपणावरून पडला. डॅनीनं फिडल शालीत गुंडाळलं आणि ओल्या वाटेनं उड्या मारत गेला. टाइग दारात उभा राहून एकेकाला हाका मारत होता, “जपून रे, धावू नका, अजून आहे उजेड,” आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हता.

“एलिश, तुझं घर जवळ आहे,” तो मला म्हणाला. “पण तूही नीघ आता.”

“निघते,” मी म्हटलं. “कोंबड्या कुणी कोंडायच्या?”

“आईनं कोंडल्या मघाशीच.” त्यानं आत मान वळवून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “भिंतीकडे तोंड करून बसलीय. मध्येच हाक मारली तर पहिल्यापासून सुरू करते.”

मग त्यानं दाराचा खालचा अर्धा भाग लावला, आणि वरच्या उघड्या भागातून मी चौकाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहिला.