वांडिलाच्या हॉलच्या सात पायऱ्या

एर्विन नोस्केला अर्धांगवायूचा झटका आला, त्यात त्याची वाचा गेली, पण गाणं राहिलं. त्याच्या बायकोला, डेल्माला, ते कळलं तेही योगायोगानेच. त्याचं अंग पुसताना ती सहज गुणगुणत होती, आणि ज्याला साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्या माणसाने पुढची ओळ शब्दन्‌शब्द म्हटली. तेव्हापासून दर मंगळवारी ती त्याला वांडिला गावच्या हॉलमधल्या गायनमंडळात नेऊ लागली. हॉलला सात दगडी पायऱ्या. चार पुरुष त्याची चाकाची खुर्ची उचलून वर नेत.

मे महिन्यात त्यांतल्या एकाचा पाय घसरला. एर्विन खुर्चीसकट खाली आला. खांदा निखळला, डोक्याला टाके पडले. हॉलच्या समितीने ठरवलं, यापुढे कुणी कुणाला उचलायचं नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

एर्विन भिंतीकडे तोंड करून पडू लागला. मंडळ एकदा घरी येऊन गायलं. पलंगाभोवती आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी उभी राहिलेली माणसं पाहून त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. जून सरता सरता त्याने जेवणही टाकलं. दुधाचे घोट कसेबसे जायचे, पण सुपाचा चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायचे.

"हे औषधाने होण्यातलं नाही, डेल्मा," त्याला तपासायला घरी येणारी नर्स म्हणाली.

मंडळाची चिटणीस रॉनिस. तिने छोट्या संस्थांना मिळणाऱ्या अनुदानाचा अर्ज आणला. तेवढ्या पैशात पायऱ्यांशेजारी खुर्ची ढकलत न्यायला उतरता रॅम्प सहज झाला असता.

"किती लोकांना फायदा होईल, असं विचारलंय," रॉनिस म्हणाली. "चाळीस लिही."

"चाळीस कोण?"

"अगं, कोण मोजायला येतंय? एकट्यासाठी कोण देणार आहे?"

डेल्माने चाळीस लिहिले. सहा आठवड्यांनी नकार आला: हे चाळीस जण कोण, याचा काही तपशील नाही.

पुढच्या फेरीची मुदत दहा दिवसांवर होती. डेल्मा कागद घेऊन दारोदार फिरली. पायऱ्यांचा त्रास कोणाला होतो, एवढंच विचारायचं होतं. कोणालाच होत नव्हता. गुडघे बदललेला माणूस म्हणाला, मी अजून मेंढ्या उचलतो. शेवटी ती मिसेस पॉब्जॉयकडे गेली. डेल्माला पहिलीत शिकवलेल्या या बाई आता चौऱ्याऐंशीच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मंडळ अचानक सोडलं होतं.

"तुम्ही पायऱ्यांमुळे सोडलंत का?"

"गाण्याचा कंटाळा आला म्हणून सोडलं," बाई दारातूनच म्हणाल्या. "आणि असले प्रश्न विचारत गावभर फिरणं शोभत नाही तुला."

डेल्मा घरी आली. एर्विन सकाळी होता तसाच पडलेला. हाताला हात लावला तर नुसतं हाड लागलं. ती पलंगाशेजारी जमिनीवरच बसली आणि तिच्या मनात आलं, जाऊ दे याला, सुटेल बिचारा. तो विचार इतका शांतपणे आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. मग तिने तिथेच बसून, मांडीवर कागद घेऊन नवा अर्ज लिहिला.

'एका माणसाला फायदा होईल. तो माझा नवरा. त्याला बोलता येत नाही, फक्त गाता येतं, आणि तेही त्याने आता सोडलंय. गावात आणखी कोणी असेल तर मला सांगत नाही. लवकर द्या. उशिरा देणार असाल तर नको.'

"असा अर्ज कोणी करतं का?" रॉनिस म्हणाली, पण तिने तो तसाच धाडला.

ऑक्टोबरात मंजुरी आली. गावातल्या निवृत्त पुरुषांनी लाकडाचा रॅम्प ठोकला, दोन्ही बाजूंना कठडे लावले. तोवर एर्विनला कपडे चढवताना डेल्माला बाळाला चढवल्यासारखं वाटू लागलं होतं. पहिल्या मंगळवारी तिने त्याला एकटीने वर ढकलत नेलं. सगळे गायले. एर्विन मान खाली घालून बसला. एक सूर नाही. उशीर झाला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

तेवढ्यात बाहेर लाकडावर काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मिसेस पॉब्जॉय चालायच्या आधाराचा वॉकर ढकलत, दर दोन पावलांना थांबत वर येत होत्या. कोणाकडे न बघता त्या डेल्माशेजारी येऊन बसल्या.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" डेल्माने हळूच विचारलं.

"काय सांगायचं? की मला सात पायऱ्या चढवत नाहीत? ज्या पोरींना मी रांगेत चालायला शिकवलं, त्यांना?" बाईंना धाप लागली होती. "मी खोटं बोलले, डेल्मा. वाईट वागले."

डेल्माने गाण्याचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. रागही आला होता आणि रडूही.

त्या महिन्यात आणखी पाच जण आले. गुडघेवालाही आला. एर्विन मात्र गप्पच. चौथ्या मंगळवारी मिसेस पॉब्जॉयचा सूर वरच्या पट्टीत फाटला, आणि त्या थांबल्या. ती राहिलेली अर्धी ओळ एर्विनने म्हटली. घोगरी, श्वास तुटत, पण पूर्ण. मग त्याचे डोळे वाहायला लागले. कोणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. सगळे पुढचं कडवं गात राहिले.

त्या दिवशी घरी त्याने चार चमचे सूप घेतलं. पाचव्याला ओठ मिटले. डेल्माने वाटी खाली ठेवली आणि अर्ध्या तासाने पुन्हा उचलली.