कोपराची खूण

“वटवट्या. नर आहे,” झुडपाकडे बोट दाखवून हे म्हणाले आणि पुढे चाललेले चौघे प्रवासी खो खो हसत सुटले.

झुडपात काहीच नव्हतं. चिवचिवत होता तो त्यांच्यातल्याच एकाचा नवा बूट. त्या भल्या माणसाने पाय उचलून पुन्हा टेकवून दाखवला.

चूक माझी होती. मला वाटलं पाखरू बोललं, म्हणून सवयीने ह्यांच्या कोपराला कोपर लावलं.

हे छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नुसत्या “हॅलो”वरून कोण बोलतंय, घसा बसलाय की घरात भांडण झालंय, सगळं ओळखायचे. निवृत्त झाल्यावर तेच कान पाखरांना लावले. दुर्बीण कधी घेतली नाही. “तोंड बघून काय करायचंय?” हे त्यांचं ठरलेलं. परगावी जायचं ते तिथल्या पायवाटा धुंडाळायला. मी बरोबर असायचे, डबा आणि कुरकुर घेऊन.

दीड वर्षापूर्वी माझ्या लक्षात आलं, होला ऐकू येतो, कोकीळ ऐकू येतो, पण बारीक आवाजाची पाखरं ह्यांच्यापर्यंत येतच नाहीत. तसं तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मग मीच कान टवकारायला लागले. बारीक काही वाजलं की कोपर लावायचं. हे थांबत, झाड बघत, ऋतू आठवत आणि नाव सांगत. बहुतेक वेळा बरोबर निघे. ह्यांना पत्ताच नाही, असं समजून मी माझ्या हुशारीवर खूश होते.

“होतं असं, काका,” वाट दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि एकदम बोट वर करून थांबल्या. “ऐका. आता खरा बोलतोय. त्या शेंड्यावर.”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. मी हात घट्ट अंगाशी धरला. हे कानामागे तळवा लावून उभे राहिले, बराच वेळ. त्यांचा चेहरा मला बघवेना.

“मला नाही ऐकू येत,” हे बाईंना म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात. “बारीक आवाज गेले माझे. मघाशी हिनं कोपर लावलं म्हणून दिलं ठोकून.”

“अहो! तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. तुझं कोपर कळायला कान कशाला लागतात?”

मला हसू आलं आणि रडूही. बूटवाला माणूस खाली बघत राहिला.

“कसा बोलतोय गं?” ह्यांनी विचारलं.

“आता काय सांगू? बारीक आहे.”

“सांगू नकोस. करून दाखव.”

चारचौघांत मी कधी साधं गुणगुणलेही नव्हते. तरी ओठांचा चंबू केला आणि त्याचे तीन सूर शिटीवर घेतले. शीळ कसली, नुसती हवा. पुन्हा घेतले, खालच्या पट्टीत. ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आणखी खाली आले. वर ते पाखरू गातच होतं. ते मला शिकवत होतं आणि मी ह्यांच्यापर्यंत पोचवत होते. कुणीही पुढे गेलं नाही.

चौथ्या खेपेला हे म्हणाले, “हं. आला. पण मधला सूर लांब असतो त्याचा. लांबव जरा.”

मी लांबवला.